कोपराखाली दोन बोटं

मी एक पट्टा आहे. पण कमरेचा नव्हे. माझी जागा हातावर, कोपराच्या जरा खाली. रंग काळा, पोटाशी एक मऊ उशी आणि टोकाला चिकटपट्टी. ती सोडली की असा करकर आवाज होतो, की शेजारी झोपलेलं मांजर उठून बसतं. याखेरीज माझ्यात नाव घेण्यासारखं काही नाही.

ज्या दुखण्यासाठी मला बनवलं, त्याचं नाव मोठं खेळकर आहे. टेनिस एल्बो. गंमत अशी, की आजवर मी ज्या ज्या हातावर बसलो, त्यातल्या एकाही हातानं टेनिसची रॅकेट धरलेली नाही. सगळे हात कामाचे. कुणाच्या हातात कापडाची कात्री, कुणाच्या हातात गुलाबाची.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एका बाईनं माझी शेवटची टीप मारली, दोरा तोडला आणि मला ढिगात भिरकावलं. तिच्याही मनगटाला एक चिंधी गुंडाळलेली होती, एवढं मला आठवतं. मग खोका, मग अंधार, मग बराच प्रवास. डोळे उघडले ते लोणावळ्याच्या बाजारातल्या एका औषधाच्या दुकानात. माझ्या एका बाजूला गुडघ्याचे पट्टे, दुसऱ्या बाजूला गरम पाण्याच्या पिशव्या.

त्या दुकानात टांगून राहिलो तेवढ्या दिवसांत माणसं पुष्कळ पाहिली. शनिवार-रविवारी किल्ले चढून आलेली पोरं लंगडत येत आणि घोट्याला बांधायची पट्टी मागत. त्यांना दुखण्याचा अभिमान असे. गावातली माणसं मात्र दुखणं चोरून आणल्यासारखी येत. ‘काही नाही, जरासं दुखतंय,’ असं म्हणत काउंटरवर वाकत. जरासं म्हणजे चार-सहा महिन्यांचं, हे मला पुढे कळलं.

नसीरभाई आले तेही असेच. उंच, सडसडीत, खिशाला मोजपट्टी अडकवलेली. कुठं दुखतं, असं दुकानदारानं विचारल्यावर त्यांनी स्वतःच्याच कोपराच्या बाहेरच्या हाडावर बोट ठेवलं आणि चेहरा असा केला, की जणू कळ त्यांनाच आली. मग म्हणाले, की मला नाही, घरात दुखतंय. मी कागदी पिशवीत पडलो आणि त्यांच्या स्कूटरवर बसून कुसगावला गेलो.

कुसगावात नसीरभाईंचं पडद्यांचं दुकान आहे. या भागात हॉटेलं आणि बंगले उदंड, आणि हवा अशी दमट, की पडदा फार वर्षं टिकत नाही. पावसाळाभर बंगले बंद असतात. दिवाळीला मालक येऊन दार उघडतात, तर पडद्यांवर काळी-हिरवी बुरशी. मग दुकानात फोन वाजतो. ‘आपलं पोट बुरशीवर चालतं,’ असं नसीरभाई गिऱ्हाइकांना हसत सांगत. शिडीवर चढून मापं घेणं, रॉड ठोकणं, तयार पडदे टांगणं ही त्यांची कामं. शिवायला दोन बायका येत. हिशेब आणि फोन मुलगा तन्वीर बघे. कापड कापायचं मात्र एकट्या खतीजाबाईंनी.

खतीजाबाई त्यांच्या पत्नी. पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला मोकळ्या. वडील शिंपी होते, त्यांच्याकडे शिकलेल्या. दुकानाच्या मागच्या खोलीत लांबलचक टेबल होतं, त्यावर त्या कापडाचा ताका उलगडत, खडूची रेघ मारत आणि मोठी कात्री चालवत. जाड अस्तराचं कापड, त्यावर दुसरं जाड कापड, आणि कात्री मधे कुठंही थांबत नसे. त्या कात्रीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा. तो कुणी केला होता असं नाही. पण सगळे पाळत.

त्याच हाताला दुखणं लागलं. आधी फक्त कात्री उचलताना कळ यायची. मग दाराची कडी सरकवताना. मग चहाचं पातेलं उतरवताना. भेटायला आलेल्या बायकांशी हात मिळवायलाही त्या कचरू लागल्या.

नसीरभाईंनी मला पिशवीतून काढलं आणि मोठ्या प्रेमानं, जिथं दुखत होतं नेमकं त्या हाडावर, आवळून बांधलं. तासाभरात खतीजाबाईंच्या बोटांना मुंग्या आल्या. त्यांनी मला सोडलं आणि खिडकीत ठेवलं. मला वाटलं, संपली आपली नोकरी.

तसं झालं नाही. पुढच्या आठवड्यात लोणावळ्यातल्या राजेश्वरी डॉक्टरांकडे जायचं ठरलं आणि नसीरभाईंनी मलाही सोबत घेतलं. डॉक्टरबाई हाडांच्या. त्यांनी खतीजाबाईंना एका हातानं खुर्ची उचलायला सांगितली. खुर्ची जमिनीपासून सुटलीच नाही. मग त्यांनी मला उचललं, कोपराच्या हाडापासून दोन बोटं खाली बांधलं आणि म्हणाल्या, की याची जागा ही. दुखतं त्या ठिकाणी नाही, त्याच्या खाली. दुखऱ्या जागेवर येणारा ताण यानं वाटेत अडवायचा. मला माझं काम असं पहिल्यांदाच कुणी समजावून सांगितलं.

डॉक्टरबाईंनी दुखणंही समजावलं. हाताचे स्नायू हाडाला ज्या दोरीनं बांधलेले असतात, ती दोरी रोजच्या त्याच त्या ओढीनं विरली आहे. ती भरून येते, पण तिला वेळ लागतो. महिने लागतात, कधी वर्षही. विश्रांती घ्यायची आणि रोज थोडा व्यायाम करायचा. एप्रिल तोंडावर आला होता. उन्हाळी सुट्टीच्या आधी एका हॉटेलाचे सगळे पडदे द्यायचे कबूल केले होते. खतीजाबाईंनी विचारलं, की लवकर बरं करणारं इंजेक्शन असतं ना?

असतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. स्टिरॉइडचं. आठवड्याभरात दुखणं पुष्कळ कमी होईल. पण त्यानं विरलेली दोरी जुळत नाही, आणि हात बरा झाला असं समजून कामाला जुंपला तर दुखणं परत येतं, कधी आधीपेक्षा जास्त. खतीजाबाईंनी मान डोलावली. मी त्यांच्या हातावर होतो म्हणून सांगतो, त्यांनी त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलं होतं.

सुई टोचली. दोन दिवस हात जड राहिला, आणि मग काय सांगू, जादूच झाली. एका सकाळी त्यांनी पातेलं उतरवलं आणि तिथंच थांबल्या. पुन्हा ठेवलं, पुन्हा उतरवलं. नसीरभाईंना हाक मारून तिसऱ्यांदा उतरवून दाखवलं. त्या दिवशी घरात शेवयांची खीर झाली. मला त्यांनी काढलं, झटकलं आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं.

खणात माझ्या सोबतीला जुने खडू, तुटक्या रिंगा आणि कापडाचे नमुने होते. वरून कात्रीचा आवाज यायचा. दिवसभर यायचा. हॉटेलाचे पडदे वेळेत गेले, मग दुसऱ्या एका हॉटेलानंही बोलावलं. मला वाईट वाटलं नाही. माझ्या जातीचं सुख असं, की आपण खणात पडलो म्हणजे कुणीतरी बरं असतं.

पाऊस मध्यावर आला तेव्हा वरचा आवाज बदलला. कात्री मधे मधे थांबू लागली. एके दुपारी ती टेबलावर आदळली, खण उघडला आणि खतीजाबाईंनी मला बाहेर काढलं. त्यांच्या हातावर बसताच मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे दुखणं परत आलं होतं आणि थोरलं होऊन आलं होतं. दुसरी म्हणजे सुई टोचली होती तिथली कातडी पांढुरकी पडून किंचित खोल गेली होती, आठ आण्याच्या नाण्याएवढी.

त्यांनी हे घरात सांगितलं नाही. पदराखाली मला लपवत. पण डाव्या हातानं चहा गाळणारी बायको नवऱ्याला किती दिवस दिसायची राहणार? नसीरभाईंनी पाहिलं आणि दवाखान्याची वेळ घेतली.

त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. बाकावर शेजारी एक नऊवारीतली बाई बसली होती. सावळी, काटक, उजवा हात मांडीवर उशी ठेवल्यासारखा ठेवलेला. बोटांवर बारीक बारीक ओरखडे. सोबत तिचा मुलगा संदेश, कुठल्याशा कंपनीत कामाला असलेला, मोबाइलवर काहीतरी वाचत होता. बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि खतीजाबाईंना विचारलं, “भाबी, तुमाला बी त्येच का?”

“तेच,” खतीजाबाई म्हणाल्या.

ती बयाबाई. तिकोणा पेठेची. गडाच्या पायथ्याला गुलाबाची हरितगृहं आहेत, तिथं ती फुलं कापायला जायची. दिवसभर दांडा धरायचा, कात्री दाबायची. एकेका वाफ्यातून इतकी फुलं, की रात्री झोपेतही मूठ मिटायची. दोघींचं दुखणं एक, दोघींचा हात एक आणि दोघींच्या हातात कात्री. बघता बघता त्या अशा बोलू लागल्या, की आपला नंबर आल्याचं दोघींनाही कळलं नाही. शेवटी दोघी मिळूनच आत गेल्या आणि बयाबाईनं आपणच सुचवलं, की डॉक्टरबाई, दोघींना एकदमच सांगा; नाहीतरी मी भायेर जाऊन ह्यांना इचारणारच हाय.

खतीजाबाईंनी सरळ तेच इंजेक्शन पुन्हा मागितलं. दिवाळीच्या आत कुसगावातल्या नव्या हॉटेलाचे पडदे द्यायचे होते. उंचच उंच काचा, जाड मखमली कापड. एवढं मोठं काम दुकानाला याआधी मिळालं नव्हतं. डॉक्टरबाईंनी मला सोडून बाजूला ठेवलं आणि त्या पांढऱ्या डागावर बोट ठेवलं.

“इंजेक्शननं दुखणं गप्प बसलं,” त्या म्हणाल्या, “आणि हात ओरडत नाही म्हणून तुम्ही त्याला दुप्पट राबवलंत. पुन्हा पुन्हा दिलं तर ती दोरी आणखी कच्ची होईल. मी नाही देणार.”

संदेशनं मोबाइल पुढे केला. रक्ताचं इंजेक्शन असतं, त्यानं कायमचं बरं होतं, असं त्यानं वाचलं होतं. आणखी एक साखरेच्या पाण्याचंही असतं म्हणे. बयाबाईला हे सगळं नवलाचं वाटलं. “माजंच रगत काडून माज्याच हातात घालायचं?” ती म्हणाली. “मग आदी कुटं हुतं ते?”

डॉक्टरबाई हसल्या, पण उत्तर मात्र त्यांनी नीट दिलं. हातातून थोडं रक्त काढतात, यंत्रात फिरवतात, त्यातला पिवळसर भाग वेगळा होतो आणि तो दुखऱ्या जागी टोचतात. सुरुवातीला उलट जास्त ठणकतं. गुण यायला महिने लागतात. काही अभ्यासांत त्याचा फायदा दिसला आहे, काहींत ते साध्या मिठाच्या पाण्याच्या सुईइतकंच निघालं आहे. साखरेच्या पाण्याचंही तसंच. कुणाला गुण येतो, पण छातीवर हात ठेवून सांगावं एवढा पुरावा नाही. आणि काहीच न टोचता, हात जपून, नेमानं व्यायाम केला तरी बहुतेकांचं दुखणं वर्षभरात जातं.

“मग त्यातलं बेस कंचं?” बयाबाईनं विचारलं.

“वर्षानंतर पाहिलं तर बहुतेक हात सारख्याच ठिकाणी येऊन पोचतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “फरक असतो तो मधल्या महिन्यांचा.”

मला ते उत्तर फार आवडलं. माणसांना मात्र असं उत्तर आवडत नाही. त्यांना एका औषधाचं नाव हवं असतं.

संदेशनं रक्ताच्या इंजेक्शनचा हट्ट धरला आणि बयाबाईनं हो म्हटलं. बाहेर आल्यावर तिनं खतीजाबाईंच्या कानात सांगितलं, की तुमच्यासारखं झटक्याचं विंजेक्शन मी घेतलं असतं, पण तुमचा हात बघितला आन् नगं वाटलं. पोराचं मन बी मोडवंना. खतीजाबाई रिकाम्या हातानं घरी आल्या. म्हणजे हातावर मी होतो, पण त्यांच्या लेखी मी नसल्यासारखाच.

पुढचे दिवस घरात बरे गेले नाहीत. हॉटेलाचं कापड येऊन पडलं होतं. तन्वीरचं म्हणणं होतं, की तयार पडदे मागवून देऊन टाकू. त्याला आईची काळजीच होती. पण एकदा तो फोनवर कुणाला तरी विचारत होता, की कटिंगचं लांब टेबल कुणी घेईल का, आणि ते मागच्या खोलीत ऐकू आलं. खतीजाबाई टेबलाशीच उभ्या होत्या. त्यांनी तळहात लाकडावर ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. माझ्याखालचे स्नायू दगडासारखे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नसीरभाईंना सांगितलं, की मी पुण्याला जाते. ते इंजेक्शन देणारा दुसरा कुणीतरी डॉक्टर मिळेलच. हे काम झालं की हाताचं काय व्हायचं ते होऊ दे.

नसीरभाई दाढी करत होते. त्यांनी तोंड धुतलं, पुसलं आणि मागच्या खोलीत गेले. ताका उचलून टेबलावर उलगडला. मग हात पुढे करून म्हणाले, “कात्री दे.”

खतीजाबाईंना वाटलं, ते धार लावायला मागताहेत.

“रेघ तू मार,” ते म्हणाले. “कापतो मी.”

एवढ्या वर्षांत त्यांनी कापडाला कात्री लावली नव्हती. शिडीच्या टोकावर उभं राहून भिंतीला भोक पाडणारा हा माणूस कात्रीला मात्र भ्यायचा. रॉड वाकडा बसला तर काढून परत बसवता येतो, कापलेलं कापड परत जोडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. खतीजाबाईंनी कात्री दिली. नुसती दिली नाही, त्यांची बोटं कड्यांमध्ये नीट बसवून दिली.

खडूची रेघ सरळ होती. नसीरभाईंची कात्री तिच्यावरून निघाली, मधेच डावीकडे गेली, दचकून उजवीकडे आली आणि टोकाला पोचेपर्यंत त्यांच्या कपाळाला घाम आला. कड अशी दिसत होती, की उंदरानं मन लावून कुरतडलीय. ते खतीजाबाईंकडे पाहीनात. खतीजाबाईंनी कड डाव्या हातानं उचलली, दुमडली, निरखली.

“शिवणीत जाईल,” त्या म्हणाल्या. “पुढचा घ्या.”

मला ठाऊक आहे, ते सगळं शिवणीत जाण्यासारखं नव्हतं. त्या पडद्याची उंची त्यांनी नंतर गुपचूप खालच्या पट्टीत भरून काढली. पण दुसरा पडदा पहिल्यापेक्षा बरा झाला, आणि तिसऱ्याला त्यांनी काही बोलण्याची गरजच पडली नाही. तन्वीर दुकानातून डोकावून गेला. थोड्या वेळानं परत आला, बाही वर केली आणि ताक्याचं दुसरं टोक धरून उभा राहिला. टेबलाचा विषय त्यानंतर निघाला नाही.

संध्याकाळी नसीरभाई ओट्यावर बसले आणि त्यांना चहाचा कप धरवेना. उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत ठणकत होता. खतीजाबाईंनी मला आपल्या हातावरून सोडलं आणि त्यांच्या हातावर, कोपरापासून दोन बोटं मोजून, बांधलं. त्यांचा हात रोड, केसाळ. मला बसायला जरा अवघडच गेलं. ते माझ्याकडे बघत होते.

“हे तू रोज करत होतीस?” त्यांनी विचारलं.

खतीजाबाईंनी त्यांचा कप उचलून त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांचा दुसरा हात अजून माझ्यावरच होता, म्हणून मला त्या दोघांचेही हात कळले. तो प्रश्न विचारायला नसीरभाईंना इतकी वर्षं लागली, याचा राग खतीजाबाईंच्या हातात नव्हता. त्यांच्या हातातला ताण मात्र त्या संध्याकाळी पहिल्यांदा सैल झाला.

पुण्याला जायचं राहिलं ते राहिलंच. खतीजाबाई आता रेघा मारत, माणसांना हाका मारत आणि दुपारी जेवणानंतर टेबलाच्या कडेवर हात टेकून व्यायाम करत. अर्धी भरलेली पाण्याची बाटली मुठीत धरायची, मनगट वर न्यायचं आणि सावकाश, अगदी सावकाश खाली सोडायचं. पहिल्या दिवसांत डोळ्यांत पाणी यायचं. मी खालून धरून असायचो. पुढे बाटली पूर्ण भरली.

बयाबाईचा फोन दर दोन-चार दिवसांनी यायचा. तिच्या बोलण्यावरून रक्ताच्या इंजेक्शनची सगळी कथा मला घरबसल्या कळली. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, की भाबी, लय ठणकतंय, उगा घेतलं. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, की काय बी फरक न्हाई, पोराला सांगू नका. मग दसऱ्याच्या सुमाराला एकदा म्हणाली, की आज तांब्या उचलला आन् कळ न्हाई आली, पण मी हरकले न्हाई, म्हटलं एकाच दिसाचं असंल. डॉक्टरबाईंनी तिलाही हात जपायला आणि तोच बाटलीचा व्यायाम करायला सांगितलं होतं. हरितगृहाच्या मालकानं तिला तोवर फुलं कापण्याऐवजी कामावर देखरेख करायला ठेवलं. माणसांना कामाला लावण्यात ती इतकी तरबेज निघाली, की त्यानं तिला तिथंच कायम केलं.

हॉटेलाचे पडदे दिवाळीच्या आधी टांगले गेले. नसीरभाईंनी कापलेले, खतीजाबाईंनी आखलेले. उजेडात बघितलं तरी कुणालाही खोट दिसली नसती. नसीरभाई मात्र हॉटेलात गेले की भेटेल त्याला तो पहिला पडदा बोटानं दाखवायचे. शेवटी खतीजाबाईंनी त्यांना दटावलं.

थंडी पडल्यावर एके दिवशी दोघं स्कूटरवरून तिकोणा पेठेला गेली. बयाबाईनं जेवायला बोलावलं होतं. तोवर मी खतीजाबाईंच्या हातावर क्वचितच बसत असे. त्या दिवशी पिशवीत होतो. धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं आणि गडाचं टोक निळ्या आभाळात स्पष्ट दिसत होतं.

घरी पोचलो तर बयाबाई अंगणात. आदल्या दिवशी पाहुणे राहून गेले होते, म्हणून तिनं गोधड्या धुवायला काढल्या होत्या. एक जाडजूड गोधडी पाण्यानं टम्म झालेली आणि तिला एकटीला ती पिळवत नव्हती. खतीजाबाईंनी पिशवी नसीरभाईंच्या हातात दिली, चपला काढल्या आणि गोधडीचं दुसरं टोक धरलं. ही इकडून पिळतेय, ती तिकडून. गोधडी दोरखंडासारखी वळली. पाणी धो धो अंगणात पडलं. दोघी मागे रेलून आणखी एक पीळ घालत होत्या, तेवढ्यात बयाबाई थांबली.

“भाबी,” ती म्हणाली, “दुकतंय का?”

खतीजाबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग मान हलवली. “तुम्हाला?”

“न्हाई की.”

दोघी गोधडी धरून तशाच उभ्या राहिल्या आणि मग हसायला लागल्या. नसीरभाईंनाही हसू आवरेना. जेवताना बयाबाई म्हणाली, की मला रगताच्या विंजेक्शनानं गुण आला. खतीजाबाई म्हणाल्या, की मला बाटलीनं. संदेशनं मोबाइल काढला, पण आईनं त्याला भाकरी वाढली आणि तो विषय तिथंच मिटला. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की दोघी मुक्कामाला एकाच सुमाराला पोचल्या, वाटा तेवढ्या निराळ्या. पण पट्ट्याला कोण विचारतो?

निघताना खतीजाबाईंनी मला पिशवीतून काढलं. माझ्या चिकटपट्टीत अडकलेले मखमलीचे धागे बोटांनी वेचून काढले आणि मला बयाबाईच्या हातात ठेवलं. म्हणाल्या, की तुमच्याकडे कात्री चालवणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, तिथं याचा उपयोग होईल. माझ्यावरून एकदा अंगठा फिरवला. मलाही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्यांचा हात मोकळा होता, आणि ते बघण्यासाठीच तर मी एवढे दिवस तिथं होतो.

आता मी गुलाबाच्या हरितगृहात, दारालगतच्या खिळ्यावर राहतो. माझी उशी दबून पातळ झाली आहे. चिकटपट्टी धरेनाशी झाली, तेव्हा बयाबाईनं तिच्यावर एक बटण शिवलं. ज्या बाईचा हात दुखू लागेल ती मला उतरवते, बांधते, संध्याकाळी परत टांगते. माझी एकच विनंती आहे, मला बांधणाऱ्या सगळ्यांनाच. मी ताण थोडा अडवतो, विश्रांती देऊ शकत नाही. ती तुमची तुम्हाला घ्यावी लागते, आणि बहुतेकदा दुसऱ्या कुणीतरी द्यावी लागते.

सध्या फेब्रुवारी जवळ आलाय. मोठ्या शहरांना गुलाब हवेत, म्हणून हरितगृहात उसंत नाही. आज सकाळी हिरा नावाची नवी मुलगी वाफ्यात कात्री चालवताना तीनदा थांबली आणि कोपर दाबत उभी राहिली. बयाबाईनं ते लांबून पाहिलं. मला खिळ्यावरून काढून ती तिच्याजवळ गेली.

हिरानं कुठूनतरी सगळं ऐकलं होतं. झटक्याचं असतं, रक्ताचं असतं, साखरेचं असतं. घाबऱ्या घाबऱ्या तिनं विचारलं, “मावशी, त्यातलं कंचं घेऊ?”

“ते डाक्टरीणबाई सांगतील,” बयाबाई म्हणाली. “तू आदी ती कात्री हिकडं आण. आन् आठ दिस जुड्या बांदायला बस.”

हिरानं कात्री दिली. बयाबाईनं दोन बोटं मोजली आणि मला बांधलं. हात कोवळा आहे. आमची ओळख व्हायला दोन-चार दिवस जातील. बराय तर, निघतो. कामावर आहे.